लग्नाविना जोडीदाराचा व्हिसा : नियमांमागचा इतिहास

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मुलामुलींच्या घरी आता एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. लग्न झालेले नाही, पण दोघे काही वर्षे एकत्र आहेत. त्यांपैकी एक परदेशी गेला, तर दुसऱ्याला त्याच्याकडे जाता येईल का? याचे उत्तर देशागणिक बदलते. काही देशांत त्यासाठी स्पष्ट तरतूद आहे, काहींत केवळ वाग्दत्तांसाठी, म्हणजे लग्न ठरलेल्यांसाठी आहे, तर काहींत मुळीच नाही. ही उत्तरे अशी का आहेत हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते, कारण अविवाहित जोडीदाराचा व्हिसा लग्नाची सोपी पळवाट म्हणून कोणी दिलेला नाही. ज्यांना कायद्याने लग्न करताच येत नव्हते अशा माणसांनी तो बऱ्याच झगड्यानंतर मिळवला, आणि तोही अशा देशांत, जिथे दोन माणसे एका घरात राहू लागली की त्यांच्या नावाचे कागद आपोआप तयार होतात. आपल्याकडच्या अर्जदाराला नडते ती नेमकी ही दुसरी गोष्ट.

सुरुवात युद्धापासून करणे योग्य ठरेल. दुसऱ्या महायुद्धात परदेशी लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी तिथल्या मुलींशी लग्ने केली, आणि त्यांना मायदेशी आणण्यासाठी अमेरिकेने डिसेंबर १९४५ मध्ये खास कायदा केला. ज्यांची लग्ने ठरली होती पण झाली नव्हती, त्यांच्यासाठी १९४६ मध्ये दुसरा, तात्पुरता कायदा आला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात १९७० मध्ये त्याच गरजेतून आज के-१ नावाने ओळखला जाणारा वाग्दत्त व्हिसा निर्माण झाला, ज्यात अमेरिकेत पोहोचल्यापासून ९० दिवसांच्या आत लग्न करणे बंधनकारक आहे. दिखाऊ लग्नांना आळा घालण्यासाठी १९८६ मध्ये त्यात आणखी एक अट आली, ती म्हणजे अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या २ वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असली पाहिजे. लग्नाआधी वधूवरांनी भेटू नये अशी कडक रूढी असेल तर या अटीतून सूट मागता येते. हा व्हिसा मात्र फक्त अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्तालाच मिळतो. आपल्याकडची अनेक मुले तिथे एच-१बी व्हिसावर काम करतात, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांचा एच-४ व्हिसा पती, पत्नी आणि २१ वर्षांखालील मुले यांच्यापुरताच असतो. लग्नाचा दाखला नसेल तर तो मार्ग बंद. अमेरिकेने लग्न न करता एकत्र राहण्याला कायमच्या स्थलांतराचा आधार कधीच मानले नाही.

ब्रिटनचा इतिहास आपल्या माणसांशी अधिक थेट जोडलेला आहे, आणि त्यातला एक भाग वाचताना आजही संताप येतो. लग्न ठरलेल्या स्त्रीला तेव्हा ब्रिटनमध्ये येण्यासाठी आगाऊ व्हिसा लागत नसे. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती खरोखर अविवाहित आहे की आधीच कोणाची पत्नी आहे हे ठरवण्यासाठी, शारीरिक तपासणी करण्यात आली. ही बातमी वर्तमानपत्रात आल्यावर ब्रिटनमध्ये आणि भारतात मोठा गदारोळ झाला आणि ती पद्धत बंद करावी लागली. संशय मात्र नियमांत शिल्लक राहिला. १९८० च्या दशकात परदेशी पतीला आणि पुढे पत्नीलाही हे सिद्ध करावे लागे की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही. एखादी गोष्ट आपल्या मनात नव्हती हे कागदावर कसे सिद्ध करायचे? ठरवून केलेल्या लग्नांमध्ये तर हे विशेष अवघड होते, आणि त्यात भरडली गेली ती प्रामुख्याने भारतीय उपखंडातील कुटुंबे. १९८५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरवले, कारण तिथे स्थायिक झालेल्या पुरुषाला पत्नी आणणे सोपे होते, पण स्थायिक स्त्रीला पती आणणे अवघड. त्यावर सरकारने स्त्रियांना सवलत देण्याऐवजी पुरुषांवरही तेच निर्बंध घातले.

हा मुख्य हेतूचा नियम जून १९९७ मध्ये रद्द झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अविवाहित जोडीदारांसाठी पहिली सवलत जाहीर झाली. ठरवून लग्न करणाऱ्यांची सुटका आणि लग्न करू न शकणाऱ्यांना वाट, हे दोन्ही एकाच वर्षी घडले, याकडे फारसे कोणी लक्ष वेधत नाही. नव्या सवलतीत ४ वर्षे एकत्र राहिल्याचा पुरावा लागे आणि लग्न करण्यात कायदेशीर अडथळा असावा लागे. म्हणजे ती समलिंगी जोडप्यांसाठी, किंवा आधीचा घटस्फोट होऊ न शकलेल्यांसाठी होती. १९९९ मध्ये ४ वर्षांची २ वर्षे झाली, २००० मध्ये ही तरतूद नियमांत समाविष्ट झाली, आणि कायदेशीर अडथळ्याची अट २००३ मध्ये निघाली. तेव्हापासून लग्न करता येत असूनही न केलेली जोडपीही अर्ज करू लागली.

इतर देशांतही साधारण हेच घडले. नेदरलँड्स आपल्या नागरिकांच्या अविवाहित जोडीदारांना देशात राहू देत असे. ती सोय तिथे काम करणाऱ्या इतर युरोपीय नागरिकांनाही द्यावी लागेल, असा निकाल युरोपीय न्यायालयाने १९८६ मध्ये एका ब्रिटिश स्त्रीच्या प्रकरणात दिला. ऑस्ट्रेलियात समलिंगी जोडप्यांच्या संघटनांनी केलेल्या पाठपुराव्यातून १९८५ मध्ये मंत्र्यांच्या अधिकारातील सवलत आली आणि १९९१ मध्ये परस्परावलंबी नात्याचा स्वतंत्र व्हिसा निघाला. कॅनडाचा २००२ पासून लागू झालेला कायदा सर्वांत मोकळा म्हणावा लागेल. त्यात किमान १ वर्ष सलग एकत्र राहिलेल्या जोडीदाराला मान्यता आहेच, शिवाय समाजाच्या वा सरकारच्या बंधनांमुळे ज्यांना एकत्र राहताच आले नाही आणि लग्नही करता आले नाही, त्यांच्यासाठीही वेगळा वर्ग आहे. तिथला जोडीदार कॅनडाचा नागरिक वा कायमचा रहिवासी असावा लागतो.

आता पुराव्याकडे वळू, कारण खरा पेच तिथे आहे. ऑस्ट्रेलियाचे अधिकारी नात्याच्या चार बाजू तपासतात : पैशाचे व्यवहार, घर चालवण्याची रीत, समाजात ते जोडपे म्हणून ओळखले जातात का, आणि पुढेही एकत्र राहण्याची बांधिलकी. इतर देशांचे निकषही फार वेगळे नाहीत. मेलबर्नमध्ये दोघांच्या नावाचा भाडेकरार, दोघांच्या नावाचे वीजबिल आणि संयुक्त खाते ही नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे तिथल्या जोडप्याला हे कागद शोधावे लागत नाहीत.

सांगलीच्या विश्रामबागेत खोली घेऊन राहणाऱ्या जोडप्याकडे काय असते ते पाहा. ११ महिन्यांचा भाडेकरार एकाच्याच नावाने असतो, कारण लग्न न झालेल्यांना खोली देण्यास घरमालक तयार नव्हते. मुलगी मामेबहीण आहे, असे त्यांना सांगितलेले असते, आणि कधी पोलीस ठाण्यात दिलेल्या भाडेकरूच्या माहितीतही तेच लिहिले गेलेले असते. वीजबिल घरमालकाच्या नावावर येते, गॅसची नोंदणी मोठ्या भावाच्या नावावर असते, बँकेचे खाते वडिलांबरोबर संयुक्त असते आणि आधारवर दोघांचेही आपापल्या गावचे पत्ते असतात. म्हणजे दोन वर्षे एका चुलीवर जेवलेल्या या दोघांचा एकत्र पत्ता दाखवणारा एकही कागद निघत नाही, उलट ते भाऊबहीण असल्याचे लिहिलेला एक कागद मात्र निघू शकतो. अशा वेळी वकिलाकडून स्टॅम्प पेपरवर सहजीवनाचे प्रतिज्ञापत्र करून नोटरी करून घेण्याकडे कल असतो. त्याने फारसे काही साधत नाही, कारण ते अर्जाच्या तोंडावर केलेले असते आणि अधिकाऱ्याला ते तारखेवरून लगेच कळते. त्यापेक्षा दरमहा एकमेकांना यूपीआयवरून पाठवलेले भाड्याचे आणि किराणाचे पैसे, दवाखान्याच्या कागदावर जवळची व्यक्ती म्हणून लिहिलेले नाव, विम्यातील वारस नोंद, एकत्र केलेल्या प्रवासाची तिकिटे आणि नाते ठाऊक असलेल्या मित्रांची सविस्तर पत्रे यांचे वजन जास्त असते, कारण हे कागद व्हिसासाठी तयार झालेले नसतात. मागच्या तारखेचा भाडेकरार करून देणारे लोक भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. फसवणूक उघड झाल्यास कॅनडात ५ वर्षे आणि ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत अर्जाची दारे बंद होऊ शकतात.

हे कागद आपल्याकडे का तयार होत नाहीत, यालाही इतिहास आहे. या भागात लग्नाची साक्ष नेहमी माणसांनी दिली आहे. ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, त्या महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटजीविना लग्ने लावली. १९४३ ते १९४६ या काळात, सांगली जिल्हा वेगळा होण्यापूर्वी, साताऱ्याच्या प्रतिसरकारने कमी खर्चाची गांधी लग्ने गावोगावी लावली. विधी बदलले, खर्च कमी झाला, पण मांडवात जमलेला गाव हाच दाखला राहिला. त्याच काळात साताऱ्याकडचा माणूस मुंबईच्या गिरणीत असे आणि बायको गावाकडे. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे, तर देशभर पांगले. त्यांच्याकडे जायला स्टेशनवर तिकीट काढले की पुरे होत असे, नाते कोणी कागदावर मागत नव्हते.

भारतीय कायद्यानेही सहजीवनाला मान्यता दिली ती कागदाच्या नव्हे, तर संरक्षणाच्या अंगाने. ५० वर्षे एकत्र राहिलेल्या एका जोडप्याला सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये विवाहित मानले. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात लग्नसदृश नात्यातील स्त्री आली, आणि २०१० मध्ये न्यायालयाने त्या नात्याचे निकष सांगितले : दोघे सज्ञान आणि लग्नास पात्र असावेत, स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत आणि समाजासमोर पतीपत्नीसारखे वावरलेले असावेत. हा शेवटचा निकष ऑस्ट्रेलियाच्या तिसऱ्या बाजूशी जुळतो, आणि घरमालकापासून नाते लपवावे लागणाऱ्यांना तोच सर्वांत जड जातो. असे नाते सरकारदरबारी नोंदवण्याची सोय महाराष्ट्रात नाही. उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून सहजीवनाची नोंद सक्तीची केली. पण सक्तीची नोंद आणि जोडप्याच्या हाती दिलेला हक्काचा दाखला यांत मोठे अंतर आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

म्हणून अनेक जण सरळ लग्नाचा दाखला मिळवण्याच्या मागे लागतात. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागते, नोटीस कार्यालयात लावली जाते आणि आक्षेपासाठी आणखी ३० दिवस थांबावे लागते. रजेवर आलेल्याला हे वेळापत्रक बसत नाही, आणि घरच्यांचा विरोध असेल तर फलकावरची ती नोटीसच भीतीचे कारण होते. मग कोणी आळंदी गाठतो, तर कोणी हळद-अक्षता पुढे ढकलून हिंदू विवाह कायद्याखाली आधी केवळ नोंदणी उरकतो. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुसऱ्या प्रथेवर नेमके बोट ठेवले. व्हिसासाठी घाईने नोंदणी करून घेण्याचा उल्लेख करून न्यायालयाने सांगितले की विधी झालेच नसतील, तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. तेव्हा ज्यांना विधी नको आहेत किंवा नंतर करायचे आहेत, त्यांनी वेळ लागला तरी विशेष विवाह कायद्याचीच वाट धरावी.

समलिंगी जोडप्यांना यांतला कोणताही पर्याय नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांच्या नात्यावरील गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क नाकारला. कराडच्या वा मिरजेच्या अशा मुलामुलींसाठी अविवाहित जोडीदाराचा व्हिसा हा उरलेल्या मोजक्या मार्गांपैकी एक आहे, आणि तो मुळात त्यांच्यासारख्यांसाठीच उघडला गेला होता, हे त्यांनी अर्ज करताना विसरू नये. आपल्याला लग्न का करता आले नाही आणि एकत्र का राहता आले नाही, हे त्यांनी अर्जात संकोच न करता, तारखांसह मांडावे.

ब्रिटनच्या नियमांत ३१ जानेवारी २०२४ पासून झालेला बदल या दृष्टीने मोलाचा आहे. पूर्वी २ वर्षे एका छपराखाली राहिल्याचा पुरावा लागे. आता नाते किमान २ वर्षांचे आणि लग्नासारखे असावे लागते, आणि नोकरी, शिक्षण वा समाजाच्या रीतीमुळे वेगळे राहावे लागले असेल तर ते कारण पुराव्यासह मांडता येते. दुसऱ्या बाजूने वाट अरुंदही झाली आहे. ब्रिटिश नागरिक वा तिथे स्थायिक असलेल्या व्यक्तीकडे जोडीदार म्हणून जायचे असल्यास वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची २०१२ मध्ये आलेली अट एप्रिल २०२४ मध्ये २९,००० पौंडांवर गेली. जानेवारी २०२४ पासून नेहमीचा (संशोधनाचा नसलेला) पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांना, आणि त्याच वर्षी मार्चपासून काळजीवाहकाच्या व्हिसावर नव्याने गेलेल्यांना (परदेशातून अशी नवी भरती जुलै २०२५ मध्ये बंद झाली), विवाहित असोत वा अविवाहित, जोडीदार बरोबर नेता येत नाही. म्हणून अर्जाचे शुल्क भरण्याआधी पहिली चौकशी तिकडे गेलेल्याच्या व्हिसाचा वर्ग कोणता आहे याची करावी, आणि नात्याच्या कागदांची जुळवाजुळव त्यानंतर सुरू करावी.