जप्त झालेला मोबाइल, लॅपटॉप परत मिळवण्याचा अर्ज

तपासात नेलेला फोन पोलीस ठाण्यात चकरा मारून सहसा मिळत नाही. एकदा तो मुद्देमाल म्हणून नोंदला गेला की बहुतेक वेळा न्यायालयाचा आदेशच लागतो. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी दोन कलमे आहेत. वस्तू न्यायालयापुढे हजर केली असेल तर 497, नसेल तर 503.

अर्ज मालकाने करायचा, किंवा वस्तूचा ताबा ठेवण्याचा ज्याला हक्क आहे त्याने. संशयितालाही तो करता येतो. मात्र त्याच्या घरातून भावाचा फोन गेला असेल तर अर्ज भावाच्या नावानेच असावा. ऑफिसच्या लॅपटॉपसाठी कंपनीचे अधिकारपत्र जोडा.

सोबत एफआयआर आणि जप्ती पंचनाम्याची प्रत, ओळखपत्र, खरेदीची पावती. पावती हरवली असेल तर फोनचा खोका शोधा, त्यावर आयएमईआय क्रमांक असतो. तो पंचनाम्यातल्या क्रमांकाशी ताडून पाहा. पंचनाम्यात नुसते ‘काळ्या रंगाचा मोबाइल’ एवढेच असेल तर मालकी दाखवताना दमछाक होते.

खरी अडचण पुढे आहे. न्यायालय तपास अधिकाऱ्याचे म्हणणे मागवते आणि उत्तर येते, ‘फोन न्यायसहायक प्रयोगशाळेत आहे, अहवाल बाकी.’ प्रयोगशाळेत शक्यतो मूळ वस्तूवर काम करत नाहीत. राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काही लिहिले जाऊ न देणारे साधन) लावून डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत काढतात, हॅश व्हॅल्यू (डेटावरून गणिताने काढलेली त्याची ओळखखूण) नोंदवतात आणि त्या प्रतीवर शोध घेतात. डेटात एक अक्षर बदलले तरी हॅश बदलतो, म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रातही तो लिहावा लागतो. तेव्हा अर्जात नुसते ‘फोन द्या’ म्हणू नका; इमेज काढून, हॅश नोंदवून मूळ वस्तू द्यावी, अशी मागणी करा. लॅपटॉपच्या बाबतीत हे जास्त पटते. एन्क्रिप्शनमुळे फोनची पूर्ण प्रत दर वेळी निघत नाही आणि सरकारी वकील नेमके तेच सांगतात. गुन्ह्याचे चित्रीकरणच त्या फोनवर झाले असेल तर खटला संपेपर्यंत फार आशा धरू नये.

मुद्देमाल गरजेपेक्षा जास्त काळ ठाण्यात पडून राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002 सालीच सांगितले आहे. अर्जात त्याचा हवाला जरूर द्या.

आदेश झाला की सुपुर्दनामा (वस्तू ताब्यात घेतल्याचा लेख) आणि बंधपत्र लिहून द्यावे लागते. विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही, बोलावल्यावर हजर करायचा, अशा अटी त्यात असतात. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड पंचनाम्यात वेगळे नोंदले असतील तर अर्जातही वेगळे मागा. आदेशात नसलेली वस्तू मुद्देमाल कारकून देत नाही.