पाणी सुरक्षा आराखडा: कोणी करायचा, फाइलमध्ये काय लागतं, कुठे अडतं

नळाच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला की ई. कोलायचा (विष्ठेची घाण मिसळल्याची खूण असलेल्या जिवाणूचा) निकाल यायला साधारण एक दिवस लागतो. तोवर ते पाणी लोकांनी पिऊन झालेलं असतं. म्हणून नुसत्या नमुन्यांवर विसंबू नका, स्रोतापासून नळापर्यंत धोका कुठे आहे ते आधीच शोधा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2004 च्या पेयजल मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलं. त्या पद्धतीचं नाव पाणी सुरक्षा आराखडा. आइसलंडने तर 1995 मध्येच पाण्याला अन्न मानून पाणीपुरवठा संस्थांना अशी पद्धत कायद्याने लावली होती.

पात्रतेची अट सोपी आहे. जी संस्था पाणी पुरवते, तिनेच आराखडा करायचा, मग ती महापालिका असो, खासगी कंपनी असो की एका विहिरीवर चालणारी वस्तीची समिती. लोकसंख्येची किमान मर्यादा नाही. लहान योजनांसाठी संघटनेची 2012 ची सुटसुटीत पुस्तिका आहे, तिच्यात सगळं काम सहा टप्प्यांत बसवलंय. सही मात्र अशा व्यक्तीची हवी, जिला खर्च मंजूर करता येतो. नाहीतर आराखडा कपाटात जातो.

पथकात अभियंता, प्रयोगशाळेतला माणूस, आरोग्य विभागाचं कोणी आणि हिशेब पाहणारा असावा. व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी तर हवाच. कुठली चावी अर्धीच फिरते आणि कुठल्या चेंबरमध्ये कायम पाणी साचलेलं असतं, हे त्याला तोंडपाठ असतं.

कागदपत्रांत पहिला मान नकाशाचा: स्रोत, पंप, शुद्धीकरण, टाक्या, वाहिन्या. जुन्या फाइलमधला नकाशा जोडू नका. सगळी लाइन एकदा पायी फिरून पाहा. कागदावर बंद केलेली जोडणी जागेवर चालू निघते, ती अशीच सापडते. मग धोक्यांचा तक्ता. शक्यतेला 1 ते 5 आणि परिणामाला 1 ते 5 गुण देऊन गुणाकार करायचा. समजा, पाणी ठरावीक वेळीच सोडतात, वाहिनी गटाराशेजारून जाते आणि तिचा सांधा गळतोय. पुरवठा बंद झाला, दाब गेला की तोच सांधा बाहेरचं घाण पाणी आत ओढतो. शक्यता 4, परिणाम 5, म्हणजे 20. गळती दुरुस्तीकडे पाणी वाचवायचं काम म्हणून बघतात, पण ते आधी आरोग्याचं काम आहे.

प्रत्येक मोठ्या धोक्यापुढे उपाय, त्याची मर्यादा आणि मर्यादा ओलांडली तर काय करायचं, हे लिहायचं. उदाहरणार्थ, पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) 8 च्या खाली असताना क्लोरीन घातल्यावर 30 मिनिटांनी ते लिटरला किमान 0.5 मिलिग्रॅम शिल्लक हवं, ग्राहकाच्या नळाशी किमान 0.2. याशिवाय सुधारणांची यादी तारीख आणि खर्चासह, आणीबाणीत कोणी कोणाला कळवायचं त्याचा तक्ता आणि रोजच्या नोंदी.

नोंदवहीपाशी जरा थांबू. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या वॉकरटन गावात मे 2000 मध्ये जोराच्या पावसानंतर शेणखताची घाण एका उथळ विहिरीत उतरली. 7 माणसं दगावली, सुमारे 2,300 आजारी पडली. चौकशीत निघालं की क्लोरीन रोज मोजलंच जात नव्हतं, वहीत मात्र 0.5 किंवा 0.75 हे आकडे पडत होते. तेव्हापासून महिनाभर एकच आकडा असलेली वही दिसली की मला तीच शंका येते. कमी-जास्त आकड्यांची, मध्ये ‘डोसर (क्लोरीन सोडणारं यंत्र) बंद, दोन तास’ असं खरडलेली वही तपासनिसालाही पटते.

आराखडा जिथे बंधनकारक आहे, तिथे तो नियामकाकडे सादर होतो. इतर ठिकाणी अंतर्गत तपासणी आणि बाहेरच्या लेखापरीक्षणावर भागतं. वॉकरटननंतर ओंटारिओने स्थानिक पालिकांच्या योजनांना परवाना सक्तीचा केला. त्याला पाच गोष्टी लागतात: पाणीपुरवठ्याची यंत्रणा उभारण्याची परवानगी, पाणी उचलण्याची परवानगी, मान्य झालेला कार्यचालन आराखडा, योजना चालवणाऱ्या संस्थेची मान्यता आणि किमान सहा वर्षांचं आर्थिक नियोजन. हे पाचवं कलम मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. बाकीचे चार कागद पूर्ण असूनही पंप बदलायला पैसे नसले, तर योजना तिथेच बसते.

फाइल परत येते ती बहुतेक दोन कारणांनी: नकाशा आणि जागा जुळत नाहीत, किंवा सुधारणेपुढे जबाबदार माणसाचं नाव नसतं. मंजुरीनंतरही आराखड्याचा ठरलेल्या मुदतीत आढावा घ्यावा लागतो. नवा स्रोत जोडला, शुद्धीकरणात बदल केला किंवा दूषित पाण्याची घटना घडली, तर मुदतीची वाट न पाहता लगेच.