‘गाठ’ नव्हे, गुंता: मेंदूतल्या एव्हीएमच्या शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

सोलापुरात एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून नातेवाईक पहिलं विचारतात, “गाठ आहे का?” या एका शब्दानं फार घोळ घातला आहे. ट्यूमर ही गाठ, धमनीला आलेला फुगा ही गाठ आणि एव्हीएम, म्हणजे मेंदूतल्या धमन्या-शिरांचा गुंता, हीही गाठच. गाठ म्हटली की कॅन्सरची धास्ती तरी बसते, नाहीतर ‘लगेच काढून टाका’ सुरू होतं. मागावर आयुष्य काढलेल्या या शहरात गुंता म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. तोच शब्द वापरावा. यात मधल्या केशवाहिन्याच नसतात. धमनीचं रक्त थेट शिरेत घुसतं आणि पातळ शिरेला तो दाब सोसावा लागतो.

1927 मध्ये लिस्बनला मेंदूची अँजिओग्राफी सुरू झाली. त्याआधी कवटी उघडल्यावरच गुंता दिसे आणि रक्तस्रावापुढे हात टेकावे लागत. 1960 च्या दशकाच्या अखेरीस शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आला, तेव्हा चित्र पालटलं. शस्त्रक्रियेत क्रमाला सगळं महत्त्व: पुरवठ्याच्या धमन्या आधी, शीर शेवटी. शीर आधी बांधली तर गुंता फुटतो. धमनीच्या रक्तानं लालभडक झालेली ती शीर पुरवठा तुटत जाईल तशी निळी पडते. काम साधत असल्याची ती खूण. आकार, जागा आणि खोल शिरा यांवरून 1 ते 5 अशी प्रतवारी 1986 मध्ये आली. ती आजही चालते.

खरा वाद न फुटलेल्या गुंत्याचा. फक्त औषधं की औषधांसोबत हस्तक्षेप, अशी तुलना करणारी ‘अरुबा’ नावाची चाचणी 2013 मध्ये मध्येच थांबवली गेली. सरासरी 33 महिन्यांत मृत्यू किंवा पक्षाघात औषधांच्या गटात 10.1 टक्के, हस्तक्षेपाच्या गटात 30.7 टक्के. आकडे स्पष्ट आहेत, पण ‘हस्तक्षेप’ या शब्दात एम्बोलायझेशन (नळीतून आत जाऊन रक्तवाहिनी बुजवणं), किरणोपचार आणि शस्त्रक्रिया एकत्र कोंबल्या होत्या, आणि त्यात निव्वळ शस्त्रक्रिया झालेले रुग्ण मोजकेच. वरवरच्या, 2 सेंटिमीटरच्या गुंत्याला हा निकाल सरसकट लावणं मला पटत नाही. रक्तस्रावाची जोखीम वर्षाला साधारण 2 ते 4 टक्के धरतात. फिट आल्यामुळे विशीत निदान झालेल्या मुलाला ती पुढची चाळीस-पन्नास वर्षं सोसायची असते. 33 महिन्यांत तिचा हिशेब कसा लागणार? 2020 मध्ये आलेल्या पाठपुराव्यानंही औषधांचीच बाजू घेतली, पण तोही काही वर्षांपुरताच.

खोल किंवा बोलण्याच्या केंद्रालगतच्या गुंत्याला मात्र मीही सुरी लावू नका म्हणेन. तिथं गॅमा नाइफ, म्हणजे सुरीविना नेमक्या जागी दिलेले किरणोपचार, आहे. त्याचा परिणाम यायला दोन-तीन वर्षं जातात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका टळलेला नसतो, हे किरणोपचार घेऊन सोलापूरला परतणाऱ्या कुटुंबाला कुणीतरी बसवून सांगायला हवं.