जुना गेम मोबाइलवर चार दिवसांचा पाहुणा? नाही बा!

दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर कुणी मोबाइलवर सापाचा गेम उघडला की शेजारचा बोलणारच, "जुना गेम मोबाइलवर चार दिवस चालते, मंग कोनी पायत बी नाही."

हे खरं नाही. मुळात साप मोबाइलचा नाहीच. ती कल्पना १९७६ च्या 'ब्लॉकेड' या नाणं टाकून खेळायच्या यंत्रातली. १९९७ मध्ये ती नोकिया ६११० वर आली आणि पुढे टॉर्चवाल्या ११०० मधून थेट आपल्या वावरापर्यंत. (जागलीच्या रात्री किती साप वाढवले, विचारू नका!) टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचा गेम, तर १९८४ चा, मॉस्कोतला, २०१० पर्यंत मोबाइलवर त्याची विकत डाउनलोड १० कोटींवर गेली होती.

मग हा समज आला कुठून? बहुधा अ‍ॅप बंद पडण्यातून. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीनं आपलं टेट्रिस एप्रिल २०२० मध्ये बंद केलं. पण त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीचं टेट्रिस आलं होतं. दुकान बदललं, माल तोच.

हां, बटणांवर बेतलेले उड्या-गोळ्यांचे गेम काचेवर अडखळतात. ती तक्रार रास्त आहे. एका अंगठ्यात मावणारे मात्र अजून चालतात, एसटी येईस्तोवर तरी नक्कीच.