डिजिटल परिवर्तनाची सामाजिक शाश्वतता
(कोकण किनारपट्टीच्या संदर्भात)

शासकीय सेवा, बँकव्यवहार, शिक्षण आणि बाजार संगणकीय यंत्रणेवर आल्यावर ती यंत्रणा समाजातील सर्व थरांना परवडणे, वापरता येणे आणि ती बंद पडली तरी कोणाचे काम न अडणे, याला डिजिटल परिवर्तनाची सामाजिक शाश्वतता म्हणतात. शाश्वत विकासाची कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९८७ मध्ये दिलेल्या ब्रुंटलँड अहवालामुळे रूढ झाली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटबाहेर होते.

देशादेशांची तुलना बहुधा किती सेवा ऑनलाइन झाल्या यावरून होते. हे माप तोकडे आहे. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवरून मतदान होते, तरी कागदी मतपत्रिका कायम आहे. डेन्मार्कने २०१४ मध्ये सरकारी टपाल डिजिटल घेणे नागरिकांना बंधनकारक केले, पण ज्यांना ते जमत नाही त्यांना सूट मागता येते. केनियात २००७ साली सुरू झालेली एम-पेसा ही पैसे पाठवण्याची सेवा साध्या फोनवर चालली आणि गावोगावच्या एजंटांमुळे रुजली. जुनी वाट बुजवायची घाई यांपैकी कोणी केली नाही.

कोकणात या प्रश्नाचे स्वरूप जमिनीच्या कागदांत नीट दिसते. जमिनीचे तुकडे लहान, एकेका उताऱ्यावर सहहिस्सेदारांची रांग, आणि त्यांतले बरेचसे मुंबईत. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्याने चाकरमान्याची रजा वाचली. हा लाभ खरा आहे. गावात मागे राहिलेल्या वृद्धांचे मात्र वेगळे. २०२१ मध्ये राज्यभर आलेल्या ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकाची सरकारी नोंद शेतकऱ्याने स्वतः करण्याच्या पद्धतीत, शेतात उभे राहून फोनवर पिकाचा फोटो काढावा लागतो. स्मार्टफोन नसलेल्याची नोंद दुसऱ्याच्या फोनवरून करता येते, त्यामुळे वाडीतला एखादा तरुणच सगळ्यांचा बिनपगारी तलाठी होतो. तो नोकरीसाठी पनवेलला गेला की सोय संपली. रेशन दुकानावर अंगठ्याचीही अडचण असते. मासळी आणि शेतीच्या कामात झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र कित्येकदा ओळखत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले. रायगड आणि दापोली-मंडणगड भागातील अनेक गावांत वीज आणि मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद होती. अशा वेळी खात्यात पैसे असले तरी हातात रोकड असावी लागते. त्याच वर्षी शाळा ऑनलाइन भरू लागल्या आणि रेंजसाठी मुले सड्यावर, म्हणजे गावावरच्या उंच कातळपठारावर, जाऊन बसू लागली.

मासेमारीचा अनुभव अधिक आशादायक आहे. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल पोहोचला, तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच बंदराबंदरांतले भाव विचारू लागले. भावांतली तफावत घटली आणि न विकली गेलेली मासळी फेकून देणे जवळपास थांबले. त्यासाठी ना सक्ती होती, ना प्रशिक्षण. कोकणातल्या तांडेलांनीही, म्हणजे मासेमारी नौकेच्या प्रमुखांनीही, जीपीएस असाच, गरजेपोटी आपलासा केला. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे याच्या सूचना मिळतात. त्या मानायच्या की आपल्या अंदाजावर जायचे, हे तांडेल ठरवतो. रेशनच्या रांगेतल्या बाईला अंगठ्याबाबत ही मोकळीक क्वचितच असते.