निसरडं, पण बेतानं

पुतण्याच्या गाडीचा तिसरा गिअर सकाळी सकाळी पडताना खर्र करायचा. गाडी वीस वर्षांची टर्बो सेडान, पाच गिअर, सगळे हाताने टाकायचे. रविवारी पहाटे सहाला ईस्टर्न फ्रीवेवर ती दामटायची, हाच त्याचा देवधर्म. "काका, गेल्या वर्षीच गिअरबॉक्समध्ये सगळ्यात महागडं तेल टाकलंय," असं म्हणत त्याने डिकीतून रिकामा डबा काढून दाखवला. त्यावर ठळक छापलेलं: जीएल-५. गाडीच्या पुस्तकात मात्र जीएल-४ लिहिलेलं. पाच म्हणजे चारापेक्षा वरचा दर्जा, असं गॅरेजवाल्याने समजावलं आणि याला ते पटलं. पटण्यासारखंच आहे म्हणा.

पण अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेले हे आकडे परीक्षेच्या मार्कांसारखे नाहीत. कुठलं तेल कुठल्या कामाला, एवढंच ते सांगतात.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गाडी पुढे नेणाऱ्या सगळ्या गिअरचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण दांडा ढकलतो तेव्हा शाफ्टवर मोकळ्या फिरणाऱ्या एका चाकाला शाफ्टशी जखडतो. गोची अशी की त्या घटकेला दोघांचा वेग वेगळा असतो. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.० आणि तिसऱ्याचं १.४ धरा. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असताना तिसरा टाकलात, तर क्लचची तबकडी आणि तिला जोडलेला शाफ्ट ४,२०० वर यायला हवा, आणि तोही पापणी लवायच्या आत. २,५०० वर शांतपणे गिअर बदलणाऱ्याच्या गाडीला याच्या निम्मंही काम पडत नाही.

चालत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आठवा (तुम्ही चढू नका). तो आधी प्लॅटफॉर्मवर डब्याच्या बरोबरीने धावतो, वेग जुळला की दांडा पकडतो आणि आत. गिअरबॉक्समध्ये हे धावण्याचं काम सिंक्रो रिंग करते. बहुतेक गाड्यांत ती पितळेची असते, आतून निमुळती. गिअरच्या निमुळत्या भागावर ती घासते, घर्षणाने दोघांचे वेग एक होतात आणि मगच जखडणारे दात पुढे सरकतात. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ही युक्ती गाडीत आणली. त्याआधी बहुतेक ड्रायव्हरांना डबल क्लच मारून, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबून, वेग स्वतःच जुळवावा लागे.

आता प्लॅटफॉर्म पावसाने ओला आहे आणि पायात झिजलेल्या चपला आहेत असं समजा. धावणारा घसरतो, वेग जुळत नाही. जीएल-५ तेलात सिंक्रो रिंगचं असंच होऊ शकतं. रिंगवर बारीक खाचा असतात, त्या तेलाचा थर कापून बाजूला सारतात. पण तेलातली रसायनंच जास्त निसरडी असतील तर रिंगला पकड मिळत नाही. आणि खर्र.

मग इतकं निसरडं तेल बनवतात तरी कशाला? मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीच्या डिफरन्शियलसाठी, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या दातेरी पेटीसाठी. तिथल्या हायपॉइड प्रकारच्या गिअरचे दात एकमेकांवर लोळतात त्याहून जास्त घसटतात, आणि दाब इतका की तेलाचा थर पिळून निघून जातो. पोळी लाटताना आपण पीठ लावतो ना, तशी सोय इथे गंधक आणि फॉस्फरसची संयुगं करतात. धातूला धातू भिडून जिथे क्षणभर प्रचंड तापतं, तिथेच ती लोखंडाशी संयोग पावतात आणि पातळ थर धरतात. झिजतो तो थर, दात वाचतात. जीएल-५ मध्ये हे पीठ जीएल-४ च्या साधारण दुप्पट. गिअर ऑइलचा तो नाकात बसणारा वास याच गंधकाचा. हेच गंधक फार क्रियाशील असेल तर पितळ काळवंडतं आणि खाल्लंही जातं. हल्लीच्या बऱ्याच तेलांत ते आवरून धरलेलं असतं, पण त्यामुळे घर्षणाचा प्रश्न सुटत नाही.

म्हणून जीएल-५ सरसकट वाईट ठरत नाही. सुबारूच्या मॅन्युअल गाड्यांत पुढचं हायपॉइड डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स एकाच तेलात बुडालेले असतात, तिथे कंपनी स्वतःच जीएल-५ सांगते. इंटरनेटवरच्या शूरवीरांपेक्षा गाडीचं पुस्तक वाचावं, इतकंच माझं म्हणणं.

डब्यावरच्या ७५डब्ल्यू-९० या दाटपणाच्या आकड्याबद्दलही गैरसमज आहे. गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी. इथलं ९० नंबरचं तेल १०० अंशांना इंजिनच्या ४० किंवा ५० नंबरच्या तेलाइतकंच दाट असतं. ७५डब्ल्यू हा कडाक्याच्या थंडीतला आकडा, मुंबईत त्याचं काय काम? थोडं आहे. ४० अंशांना हेच तेल १०० अंशांच्या तुलनेत सहा-सात पट दाट असतं, साधं ८०डब्ल्यू-९० खनिज तेल तर नऊ-दहा पट. दाट थर कापायला रिंगला वेळ लागतो, म्हणून पहाटेचे पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर कुरकुरतात.

मुंबईत थंडीपेक्षा पाण्याची भीती मोठी. गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर व्हायला एक छोटं तोंड असतं. तापलेली गाडी मिलन सबवेच्या गुडघाभर पाण्यात शिरली की पेटी झटक्यात गार होते, आतली हवा आकसते आणि त्या तोंडातून किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसायला लागतं. असं झालं तर बदलायची तारीख बघत बसू नका.

आम्ही तेल बदललं ते गाडी दहा किलोमीटर फिरवून, तेल कोमट असताना. मिस्त्रीने आधी वरचा, तेल भरायचा नट सोडवून पाहिला. हा क्रम चुकवू नये: तेल काढून टाकलं आणि वरचा नट गंजून बसलाय असं कळलं तर गाडी तिथेच अडकते. खालच्या नटाला चुंबक होता, त्यावर राखाडी लेप, उटण्यासारखा मऊ. तो चालतो, बोटांना कण टोचले असते तर काळजी होती. नवा वॉशर लावला, सपाट जागेवर गाडी ठेवून वरच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत जीएल-४ भरलं.

ट्रेमधल्या जुन्या तेलावर टॉर्च मारला तेव्हा मात्र पुतण्या गप्प झाला. तेलात सोनेरी झगमग तरंगत होती. चुंबकाला न लागणारी, म्हणजे पितळेची. सगळा दोष एका डब्याचा असं म्हणवत नाही, वीस वर्षांत रिंग आपसूकही झिजते. नव्या तेलाने खर्र पुष्कळ कमी झालं, पण ६,००० च्या आसपास अजून येतंच. मिस्त्रीने रिंगचा भाव सांगितला, तो काही फार नाही. मग गिअरबॉक्स उतरवायची मजुरी सांगितली.