शुगर ‘लो’ होण्याच्या भीतीवर उपचार

रात्री जेवणानंतर शुगर १४० आली की टाइप वन मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेल्या मुलांचे डॉक्टर खूश होतात आणि पुष्कळ आया धास्तावतात. झोपेत आणखी खाली गेली तर? मग एक पोळी जास्त वाढली जाते, नाहीतर रात्रीच्या इन्सुलिनमधले दोन-तीन युनिट गुपचूप कमी होतात. सकाळी मीटर २६० दाखवतो, पण पोर हाकेला ओ देऊन उठलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. असं महिनोन्महिने चालतं. तीन महिन्यांची सरासरी शुगर वाढते, ओपीडीत पथ्यावरून बोलणी बसतात आणि भीतीबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही.

ते विचारायला हवं, कारण ही भीती निराधार नसते. शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात. ५४ च्या खाली गेली की मेंदूला ग्लुकोज अपुरं पडू लागतं, बोलणं अडखळतं, वागणं बदलतं, क्वचित फिट येते. निरोगी शरीर अशा वेळी ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक सोडून यकृतातली साखर मोकळी करतं. टाइप वनमध्ये काही वर्षांतच ही सोय बरीचशी निकामी होते. उरतं ॲड्रेनलिन हे धोक्याच्या वेळी सुटणारं संप्रेरक, आणि गाढ झोपेत तेही मंदावतं. संध्याकाळी दोन तास कबड्डी खेळलेल्या मुलाची शुगर मध्यरात्रीनंतर उतरू शकते, कारण दमलेले स्नायू साखर ओढून घेतच राहतात. रात्री दोनला उठून बोटाला सुई टोचणाऱ्या आईला ‘उगाच काळजी करता’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

डॉक्टरांच्या मनातही ही धास्ती काही काळ होती. १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. शुगर काटेकोर सांभाळली तर डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, हे त्यात सिद्ध झालं. पण त्याच गटात शुगर धोकादायक पातळीवर उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने जास्त घडले. त्यानंतर इन्सुलिन सुधारलं, अंगावर लावून सतत शुगर दाखवणारे सेन्सर आले आणि तो धोका बराच आटोक्यात आला. घरातली भीती मात्र त्या वेगाने ओसरली नाही.

ही भीती मोजता येते. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये त्यासाठी प्रश्नावली मांडली. पुढे मुलांसाठी आणि पालकांसाठी वेगळ्या प्रश्नावल्या आल्या. त्यात दोन गोष्टी निरनिराळ्या तपासतात: मनात काय येतं आणि त्यापायी हातून काय होतं. काळजी वाटणं चालेल. डोस कापणं, वेळी-अवेळी खायला घालणं, सहलीला न पाठवणं, हे मात्र मुलाच्या अंगावर येतं.

मुलांची भीती बहुधा वेगळीच असते. आईला रात्र छळते. चौदा वर्षांच्या मुलीला वर्गात सगळ्यांसमोर थरथर सुटण्याची लाज छळते. त्यात एक मोठा घोळ आहे. छाती धडधडणं, दरदरून घाम, हातांचा कंप ही लक्षणं शुगर उतरल्यावर येतात, तशीच नुसत्या धास्तीनेही येतात, कारण दोन्हींमागे ॲड्रेनलिनच असतं. गणिताच्या पेपरआधी असं झालं की ती ग्लुकोज खाते, शुगर २५० होते आणि ‘खाल्लं म्हणून वाचले’ ही समजूत पक्की होते. यावरचा सराव साधा, पण फार गुणकारी आहे. मीटर लावण्याआधी आपला अंदाज वहीत लिहायचा, मग तपासायचं आणि दोन आकडे शेजारी ठेवायचे. काही आठवड्यांत आपलं कोणतं लक्षण खरं बोलतं हे कळू लागतं. मीटर हाताशी नसेल तर मात्र लो समजूनच खावं.

खायचं काय, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. किशोरवयीन मुलाला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन छोटे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवावं, ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल तर द्यावं आणि लगेच दवाखाना गाठावा. हे एकदा हातांना सवयीचं झालं की निम्मी धास्ती तिथेच उतरते.

उरलेल्या धास्तीसाठी मानसोपचारातली पायरी-पायरीची पद्धत वापरतात. झोपतानाची शुगर २२० च्या आसपास ठेवणाऱ्या घराने डॉक्टरांशी बोलून आधी २०० वर यायचं. चार-पाच रात्री दोनच्या सुमारास तपासून आकडे लिहायचे, जमलं की पुढची पायरी. मुलाने आधी मावशीकडे एक रात्र राहायचं, मग शाळेच्या सहलीला जायचं.

सेन्सर परवडत असेल तर त्याचा आधार होतो, पण शाळेतल्या मुलाचा आकडा आईच्या फोनवर दिसू लागला की ‘किती आहे? खाल्लंस का?’ सुरू होतं आणि वैतागलेलं मूल फोनच बंद करतं. दोघांनी आधीच ठरवावं: शुगर ७० च्या खाली गेली आणि मुलाने दहा मिनिटांत कळवलं नाही, तरच फोन. घरी आल्यावर पहिला प्रश्न शुगरचा नसावा.

शाळेतही हक्काने बोलावं. सीबीएसईने २०१७ पासून टाइप वन असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी जवळ ठेवायला परवानगी दिली आहे. इतर शाळांत वर्गशिक्षकांना आणि शेजारी बसणाऱ्या मित्राला ग्लुकोजची पुडी दप्तराच्या कोणत्या कप्प्यात आहे, हे माहीत असावं. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा कमी केलेले युनिट लपवू नका. ‘रात्रीची भीती वाटते म्हणून दोन कमी दिले’ असं सरळ सांगा, म्हणजे डोसही नीट ठरेल आणि गरज असेल तर समुपदेशकाचं नावही मिळेल.